ब्रेगे ९४१ : चाचण्या झाल्या, विक्री नाही

ब्रेगे कंपनीचे प्रायोगिक ‘९४०’ विमान २१ मे १९५८ रोजी उडाले आणि त्याचे थोरले रूप ‘९४१’ १ जून १९६१ रोजी. इथवर वाद नाही. आखूड धावपट्टीवर उतरणारे हे फ्रेंच टर्बोप्रॉप अमेरिकी विमान कंपन्यांनी पारखले, पण त्यांपैकी कोणीच विकत घेतले नाही. दोष यंत्रात होता की बाजारात?

पहिले भक्कम साधन म्हणजे ‘नासा’चा १९६४चा चाचणी-अहवाल. त्याच्या लांबलचक शीर्षकातच यंत्राची कुंडली सापडते : प्रोपेलरचा खाली वळवलेला झोत आणि एकमेकांना जोडलेले चार प्रोपेलर. झोत जवळजवळ सगळ्या पंखावरून जातो आणि मोठे फ्लॅप त्याला खाली वळवतात, म्हणून वेग कमी असतानाही विमान तरंगते. पण मग एका बाजूचे इंजिन बंद पडले, तर त्या बाजूचा आधारच जाणार. यावर उपाय म्हणून चारही प्रोपेलर एका आडव्या दांड्याने जोडले. इंजिन थांबले तरी त्याचा प्रोपेलर फिरत राहतो. अहवाल वाचताना मला तरी हा दांडाच कथानायक वाटतो.

अमेरिकेत मॅकडॉनेल या विमाननिर्मात्या कंपनीने या विमानाला ‘१८८’ हे नाव दिले. १९६८मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सने आणि १९६९मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने त्याच्या चाचण्या घेतल्या. आखूड धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची गरज खोटी नव्हती, याची साक्ष सरकारी नियमच देतो : १९६९पासून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियासह पाच गजबजलेल्या विमानतळांवर ताशी उड्डाणांना मर्यादा घातली गेली. तरीही उत्पादनाची नोंद फ्रेंच हवाई दलाच्या चार ‘९४१एस’वरच थांबते. त्यांतले पहिले १९ एप्रिल १९६७ रोजी उडाले होते.

इथून पुढे अनुमान. दांडा आणि त्याची दातेरी चक्रे देखभालीत महाग पडली असती, हा पहिला तर्क. तो तपासायला कॅनडाचे ‘डॅश ७’ उपयोगी पडते. २७ मार्च १९७५ रोजी प्रथम उडालेल्या या विमानाला चार टर्बोप्रॉप इंजिने होती, जोडदांडा नव्हता. त्याला गिऱ्हाइके मिळाली, पण शंभराच्या थोडे पुढे गेल्यावर उत्पादन थांबले. म्हणजे दांडा काढला तरी बाजार फार फुगला नाही.

दुसरा तर्क मला अधिक वजनदार वाटतो : विमान तयार होते, पण शहरातल्या आखूड धावपट्ट्यांचे जाळे नव्हते. विमाने दिसेपर्यंत धावपट्टी कोण बांधणार, आणि धावपट्टीवाचून विमान कोण घेणार? याला पुरावा लंडनचा. तिथल्या जुन्या गोदीत १,०८० मीटरची धावपट्टी घेऊन सिटी एअरपोर्ट ऑक्टोबर १९८७मध्ये सुरू झाला. पहिल्या प्रवासी फेऱ्या ‘डॅश ७’ने केल्या. पण ‘९४१’साठी तोवर उशीर झाला होता : फ्रेंच हवाई दलाने आपली चार ‘९४१एस’ १९७४मध्येच सेवेतून काढली होती.