सिन्सिनाटीचा 'रेड स्टॉकिंग्ज' संघ : तीन प्रवादांची छाननी

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत सिन्सिनाटी हें शहर आहे. तेथील 'रेड स्टॉकिंग्ज' या जुन्या बेसबॉल संघाविषयीं तीन विधानें परंपरेनें केलीं जातात : तो पगारी खेळाडूंचा पहिला संघ होय, इ. स. १८६९ सालीं त्यानें सर्व सामने जिंकले. आणि शहराचा विद्यमान 'रेड्स' संघ त्याचाच वंशज आहे. तिन्ही विधानें सारख्याच विश्वासानें सांगितलीं जातात. परंतु तिहींचें प्रमाणबल सारखें नाहीं, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

पहिलें विधान घेऊं. क्लबाची स्थापना १८६६ ची. त्या काळीं बेसबॉल क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेची वेतनास बंदी होती; पण ती कागदावरच राहिली. चांगल्या खेळाडूस गुपचूप द्रव्य मिळे, अगर नांवापुरती एखादी नोकरी दिली जाई. अखेर १८६९ च्या हंगामापासून संघटनेनें पगारी वर्गास मान्यता दिली व सिन्सिनाटीसह अनेक संघ त्या वर्गांत आले. तेव्हां वेतन देणारा पहिला संघ हा नव्हे. परंतु सर्वच्या सर्व खेळाडू उघड करारानें हंगामभर वेतनावर ठेवणारा पहिला संघ म्हणून त्याचा मान रास्त आहे. नेहमीं दिल्या जाणाऱ्या यादीप्रमाणें जॉर्ज राइट यास १,४०० डॉलर, त्याचा वडील बंधु व संघनायक हॅरी राइट यास १,२००, आणि दहा जणांचें मिळून ९,३०० डॉलर वेतन होतें. हॅरी हा मूळचा इंग्लंडांतील शेफील्डचा, क्रिकेटचा पगारी खेळाडू म्हणून सिन्सिनाटीस आलेला. दहांपैकीं खुद्द त्या शहराचा असा एकटा चार्ली गूल्ड.

मनुस्मृतींत भृतकाध्यापकास श्राद्धाच्या पंक्तींतून वगळलें आहे. आम्हीं आयुष्यभर वेतन घेऊनच अध्यापन केलें. तेव्हां लपवून घेतलेल्या द्रव्यापेक्षां उघड वेतन निर्मळ, हें आमचें मत पक्षपाताचें वाटल्यास वाचकांनीं तसें समजावें.

दुसरें विधान. १८६९ सालीं संघानें पूर्व किनाऱ्यापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत प्रवास केला. खंडपार लोहमार्ग त्याच वर्षीं मे महिन्यांत पुरा झाला होता. संघटनेच्या क्लबांविरुद्ध ५७ विजय त्याच्या नांवावर मोडतात. परंतु २६ ऑगस्ट रोजीं ट्रॉयच्या 'हेमेकर्स' संघाशीं १७-१७ अशी बरोबरी असतां वाद होऊन प्रतिपक्ष मैदान सोडून गेला, व पंचानें सामना सिन्सिनाटीस दिला. या प्रकारामागें पैजांचा संशय होता. म्हणून 'अपराजित' हें निर्विवाद. 'सर्व सामने जिंकले' हें मात्र पंचाच्या निर्णयावर अवलंबून आहे.

ही मालिका १४ जून १८७० रोजीं ब्रुकलिन येथें तुटली. नऊ डावांअखेर ५-५ अशी बरोबरी झाली. 'अटलांटिक्स' संघ तेवढ्यावर संतुष्ट होता. पण हॅरी राइटनें नियमावर बोट ठेवून जादा डाव मागितले. अकराव्या डावांत सिन्सिनाटीनें दोन धावा केल्या, प्रतिपक्षानें तीन, निकाल ८-७. पुढें आणखी कांहीं पराभव झाले, प्रेक्षक घटले, वेतनाचा भार पेलेना. १८७१ सालीं पगारी संघ ठेवावयाचा नाहीं, असें क्लबानें हंगामाअखेर ठरविलें.

येथेंच तिसरें विधान ढांसळतें. राइट बंधु, गूल्ड व मॅकव्हे बोस्टनास गेले. 'रेड स्टॉकिंग्ज' हें नांवही त्यांच्याबरोबर गेलें. तो बोस्टनचा क्लब १९५३ सालीं मिलवॉकीस व १९६६ सालीं अटलांटास जाऊन 'ब्रेव्ह्ज' नांवानें नांदत आहे. सिन्सिनाटीच्या विद्यमान 'रेड्स'चा आरंभ १८८१-८२ चा. मधल्या काळांत तेथें दुसरे क्लब होऊन गेले. सारांश, शहराकडे स्मृति राहिली, माणसें व नांव दुसरीकडे गेलीं. स्मृति जपण्याचा शहरास पूर्ण अधिकार आहे. पण स्मृति म्हणजे वंशावळ नव्हे.