दम्याचं औषध: कॉफीच्या कपापासून पंपापर्यंत

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाच्या अर्जावर कारण लिहिलेलं होतं, ‘मुलाच्या दम्यासाठी ताकदीच्या पावडरीचे डबे’. गटाने कर्ज मंजूर केलं, तो त्यांचा अधिकार. पण बैठक उठल्यावर दोघीतिघींनी मला गाठलं. “ताई, खाण्यापिण्यातून दमा जातो का हो?” हा प्रश्न फार जुना आहे. आज त्याचाच इतिहास सांगते.

इंग्लंडात हेन्री हाइड सॉल्टर नावाचे डॉक्टर होते. त्यांना स्वतःला दमा होता. 1860 साली त्यांनी दम्यावर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यांचा भरवशाचा उपाय कोणता, तर कडक काळी कॉफी, तीही उपाशीपोटी. रात्री जड जेवू नका, असंही ते सांगत. हसू नका बरं का, कॉफीने खरंच थोडा आराम पडतो. तिच्यातलं कॅफीन आवळलेल्या श्वासनळ्या जराशा सैल करतं. जराशाच, आणि तेही काही तासांपुरतं.

पुढे 1888 मध्ये जर्मनीत अल्ब्रेख्त कोसेल यांनी चहाच्या पानांतून कॅफीनच्याच कुळातला एक पदार्थ वेगळा काढला, थिओफिलीन. त्याच्या गोळ्या नंतर जगभर दम्यावर चालल्या. कपभर चहात तो नावापुरता असतो, म्हणून चहा पाजून दमा हटत नाही. गोळी मात्र नाजूक. औषधाचं माप आणि विषाचं माप यांत फार अंतर नाही. जास्त झाली की उलट्या, धडधड, झटकेसुद्धा. “झाडपाल्याचं आहे, अपाय नाही” असं कुणी म्हणालं की मी हे चहाचं उदाहरण देते. आपल्या बांधावरच्या अडुळशाचीही गोष्ट अशीच. त्यातल्या घटकावरून कफ पातळ करणारं औषध तयार झालं. कफ सुटायला ते ठीक. पण दम्यात श्वासनळीला आतून सूज असते, ती त्याने उतरत नाही.

आता हैदराबादचं सांगायलाच हवं, कारण आपल्या भागातूनही लोक जातात. मृग लागला की तिथे एक कुटुंब जिवंत मरळीच्या पिलाच्या तोंडात पिवळं औषध भरून ते गिळायला देतं, शाकाहारींना गुळातून. पैसे घेत नाहीत. त्यांच्या हेतूबद्दल मी काही बोलणार नाही. पण औषधात काय आहे ते गुपित आहे, आणि जे गुपित आहे ते तपासायचं कसं? जिवंत मासा लेकराच्या घशात अडकण्याची भीती आहे ती वेगळीच.

सूज उतरवणारं खरं औषध म्हणजे स्टेरॉइड. दम्यावर ते 1950 च्या दशकात गोळ्यांतून येऊ लागलं. गुण विलक्षण, पण महिनोन्‌महिने घेतलं की मुलांचे चेहरे गोल सुजायचे, वाढ खुंटायची, हाडं ठिसूळ व्हायची. “स्टेरॉइड नको गं बाई” ही भीती तिथून आली आहे, आणि ती खोटी नव्हती.

याच दशकात एका मुलीने एक साधा प्रश्न विचारला. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. औषध ओढायला काचेचं, रबरी फुगा दाबायचं उपकरण होतं. 1955 मध्ये तिने वडिलांना विचारलं, केसांवर फवारायच्या डब्यासारखं माझं औषध का नाही मिळत? वर्षभरात, 1956 मध्ये, पहिला पंप बाजारात आला. 1972 पासून स्टेरॉइडही पंपातून मिळू लागलं. गोळी सगळ्या अंगात फिरते, पंपाचं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून मात्रा अगदी कमी पुरते. रोज घेतल्यास उंचीत साधारण एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, हेही सांगून ठेवते. पण रात्र रात्र बसून काढणाऱ्या लेकराची वाढ तरी कुठे नीट होते?

आणि इथेच आपली फसगत होते. पंपातल्या स्टेरॉइडला भिऊन आई बिनानावाची पुडी आणते. अशा पुड्यांत चोरून मिसळलेलं स्टेरॉइड सापडलेलं आहे, म्हणजे जी भीती होती तेच पोटात जातं, आणि किती जातं ते कुणालाच ठाऊक नसतं. पुडीने चार दिवसांत जादूसारखा गुण आला, तर आधी शंका घ्या. पण बरेच दिवस दिली असेल तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

मग डब्यांचं काय? 2020 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा निकाल आला. 192 मुलं, सगळ्यांना दमा, सगळ्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी. निम्म्यांना वर्षभराच्या आसपास ते रोज दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. पंप दोघांनाही होता. जोराचे झटके दोन्हीकडे सारखेच आले. कमतरता असेल तर ती भरून काढावीच, हाडांसाठी. दम्यासाठी म्हणून हजारांचे डबे नकोत. भाकरी, डाळ, अंडं, शेंगदाणे, पालेभाजी यांत मुलाचं पोषण होतं. आणि उगाच केळं, दही, भात बंद करू नका. जे खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो तेवढंच टाळा. बंद करायचा तो चुलीचा धूर आणि घरातली बिडी.

लहान मुलाला पंप नुसता ओढता येत नाही, मध्ये नळकांडं, म्हणजे स्पेसर लागतो. तो परवडत नसेल तर ऐका. 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये डॉक्टर हेदर झार यांनी अर्ध्या लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं आणि सांधा डिंकाने बुजवला. पाच वर्षांपुढच्या मुलांवर ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली. तुमच्या डॉक्टरांना विचारून, त्यांच्यासमोर करून बघा.

मात्र मुलाला एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर पंप देत देतच 108 ला फोन लावा. तेव्हा काढा उकळायला बसू नका.