दारापर्यंत येणारी गाडी

५ जुलै १९७८ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात, कोलफॅक्स आणि ब्रॉडवे हे दोन हमरस्ते मिळतात त्या चौकात, १९ अपंग माणसांनी बसगाड्या अडविल्या. व्हीलचेअर आत घेण्याची सोय त्या गाड्यांत नव्हती. ती रात्र या माणसांनी रस्त्यावरच काढली. ज्या बसने सारे शहर जाते, तिने आम्हांलाही न्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांच्या पाठीशी वेड ब्लँक नावाचे प्रेस्बिटेरियन पाळक उभे होते. शुश्रूषागृहात काम करीत असताना तेथे खितपत पडलेले तरुण अपंग त्यांनी पाहिले होते. त्यांना बाहेर काढून स्वतंत्र घरांत राहता यावे, यासाठी त्यांनी १९७५ च्या सुमारास ‘अटलांटिस’ ही संस्था उभी केली. घर मिळाले, पण घराबाहेर पडायचे कसे, हा प्रश्न उरलाच.

वास्तविक तत्त्व कायद्यात आधीच आले होते. वृद्ध व अपंग यांना सार्वजनिक वाहतुकीचा इतरांइतकाच हक्क आहे, असे तेथील १९७० च्या कायद्याने जाहीर केले होते. १९७५ मध्ये त्याला जोडून एक योजनाही सुरू झाली. जेथे बससेवा अपुरी वा गैरसोयीची असेल, तेथे धर्मादाय संस्थांना लहान गाड्या घेण्यासाठी संघराज्य सरकार पैसे देऊ लागले. खर्चाचे ८० टक्के सरकारचे, २० टक्के संस्थेचे. या योजनेवर १९९१ पर्यंत दरवर्षी दोन ते साडेतीन कोटी डॉलर खर्च होत असत.

योजना भली होती, पण तिच्यात एक उणीव होती आणि ती आम्हांला महत्त्वाची वाटते. पैसे मिळत ते गाडी विकत घेण्यासाठी. चालकाचा पगार, इंधन, विमा, दुरुस्ती हा सारा भार संस्थेने सोसायचा. गाडी एकदाच घ्यावी लागते; चालक मात्र दर महिन्याला पगार मागतो. शिवाय पुष्कळ संस्था आपल्या गाड्या मुख्यतः आपल्याच लाभार्थ्यांसाठी वापरीत. एकाच गल्लीतून दोन संस्थांच्या दोन अर्ध्या रिकाम्या गाड्या जाव्यात आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईला दोन्हींत जागा नसावी, अशी गत सहज होऊ शके.

इकडे डेन्व्हरच्या चौकातून निघालेली चळवळ १९८३ मध्ये ‘अडॅप्ट’ या राष्ट्रीय संघटनेच्या रूपाने उभी राहिली. २६ जुलै १९९० रोजी अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला. नव्या बसमध्ये व्हीलचेअरची सोय सक्तीची झाली. ज्यांना अपंगत्वामुळे साधी बस वापरताच येत नाही, त्यांच्यासाठी बसमार्गापासून पाऊण मैलाच्या, म्हणजे सुमारे १.२ किलोमीटरच्या, पट्ट्यात खास गाडी ठेवणे नगर परिवहन सेवांवर बंधनकारक झाले. आदल्या दिवशी सांगून ठेवायचे. भाडे बसच्या दुपटीहून जास्त नाही.

परंतु या कायद्याने स्वतंत्र निधी दिला नाही. तसेच केवळ वय झाले म्हणून या खास गाडीचा हक्क मिळत नाही. पट्ट्याबाहेर राहणारा आणि गुडघ्यांनी साथ सोडलेला वृद्ध पुन्हा संस्थांच्या लहान गाड्यांकडेच पाहत राहिला. अखेर २००५ च्या कायद्याने नियम घातला, की या योजनेतून पैसे हवे असतील तर आधी परिसराचा एकत्रित आराखडा करावा. आणि तो करताना वृद्ध, अपंग व सेवा देणाऱ्या संस्था यांना सोबत बसवावे. २०१२ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. सेवा चालविण्याच्या तुटीपैकी ५० टक्क्यांपर्यंत भारही योजनेतून उचलता येऊ लागला. गाडी घेणे आणि ती चालती ठेवणे हे दोन निराळे खर्च आहेत, हे या योजनेत मान्य व्हायला ३७ वर्षे लागली.

हा परकीय इतिहास आम्ही का सांगतो? आपल्याकडेही तत्त्व मान्य झाले आहे. अपंगांसाठी १९९५ चा कायदा आला आणि त्याची जागा २०१६ च्या कायद्याने घेतली. त्यात वाहतुकीची साधने सुगम करण्याची तरतूद आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. तिकीट माफ झाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण ज्याला अंगण ओलांडवत नाही, त्याला थांब्यापर्यंत कोण नेणार?

उद्या आपल्या गावात कोणी दानशूर व्यक्ती वृद्धांसाठी गाडी देऊ करील. ती आपण कृतज्ञतेने स्वीकारू. मात्र किल्ली हाती घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारून घेऊ: तिसऱ्या वर्षी चालकाचा पगार कोण देणार? शेजारच्या संस्थेची गाडी आणि आपली गाडी मिळून फेऱ्या आखता येतील काय? आणि ज्यांना जायचे आहे, त्यांना कोठे व केव्हा जायचे आहे, हे आपण विचारले आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसे आपल्याच घरांत, ओटीवर बसून आहेत.