भांडवली मालमत्ता मूल्यनिर्धारण प्रतिमान आणि व्याजाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वाणिज्य शाखेत जोखीम व परतावा यांचा संबंध भांडवली मालमत्ता मूल्यनिर्धारण प्रतिमानाच्या सूत्राने शिकवला जातो. या सूत्राचे पहिलेच पद व्याजदराचे असते. साहजिकच व्याज (रिबा) निषिद्ध मानणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न उभा राहतो : व्याज वगळले तर हा संबंधच उरत नाही काय? या प्रश्नाचे उत्तर प्रतिमानाच्या इतिहासात सापडते.

प्रतिमानाची जडणघडण

१९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी एकेका समभागाऐवजी संपूर्ण गुंतवणूक-संग्रहाचा विचार मांडला. समभागांचे भाव एकाच वेळी, एकाच दिशेने हलत नसतील तर संग्रहाची जोखीम घटते, हे त्यांनी गणिताने दाखवले. १९५८ मध्ये जेम्स टोबिन यांनी त्यात निर्धोक मालमत्तेची जोड दिली. या पायावर विल्यम शार्प (१९६४), जॉन लिंटनर (१९६५) व यान मोसिन (१९६६) यांनी स्वतंत्रपणे प्रतिमान उभे केले. जॅक ट्रेनर यांचे याच विषयावरील १९६२ चे हस्तलिखित मात्र १९९९ पर्यंत अप्रकाशित राहिले. १९९० चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मार्कोविट्झ, शार्प व मर्टन मिलर यांना मिळाले. लिंटनर व मोसिन तोपर्यंत हयात नव्हते.

प्रतिमानाचा गाभा असा : विविधीकरणाने टाळता येणाऱ्या जोखमीचा मोबदला बाजार देत नाही. संपूर्ण बाजाराबरोबर येणारी, न टळणारी जोखीमच मोबदल्यास पात्र ठरते. तिचे माप म्हणजे बीटा. निर्धोक दर ६ टक्के व बाजाराचा अपेक्षित परतावा १२ टक्के असेल, तर १.५ बीटाच्या समभागाचा अपेक्षित परतावा ६ + १.५ × (१२ − ६) = १५ टक्के येतो.

ब्लॅक यांची दुरुस्ती

निर्धोक दराने हवे तितके कर्ज घेता-देता येते, हे गृहीतक फिशर ब्लॅक यांनी १९७२ मध्ये बाजूला ठेवले. व्याजदराच्या जागी त्यांनी शून्य बीटा असलेल्या संग्रहाचा अपेक्षित परतावा घेतला. तरीही बीटा व परतावा यांचा सरळरेषीय संबंध कायम राहिला. त्याच वर्षी ब्लॅक, मायकेल जेन्सन व मायरन शोल्स यांनी न्यूयॉर्क शेअर बाजाराची दीर्घकालीन आकडेवारी तपासली. तिच्यातील रेषेचा चढ शार्प यांच्या सूत्राच्या अपेक्षेपेक्षा कमी आढळला; ब्लॅक यांच्या मांडणीशी तो अधिक जुळला.

तथापि हे प्रतिमान ‘इस्लामी’ म्हणणे घाईचे ठरेल. जवळ नसलेले समभाग उसने घेऊन अमर्याद विकता येतात, असे त्यात गृहीत धरले आहे. हा व्यवहार बहुतेक फिक्ह-अभ्यासकांना अमान्य आहे. शिवाय रिचर्ड रोल यांनी १९७७ मध्ये खरा ‘बाजार-संग्रह’ मोजताच येत नाही, असा आक्षेप घेतला. तर १९९२ मध्ये यूजीन फामा व केनेथ फ्रेंच यांनी एकट्या बीटाने परताव्यातील फरक उलगडत नाही, हे दाखवले.

समारोप

मुदारबा व्यवहारात नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो आणि भांडवलाचा तोटा भांडवलदार सोसतो. म्हणजेच नफ्याचा हक्क जोखीम पत्करण्यातून येतो, हा विचार विद्यार्थ्याला परका नाही. कोणती जोखीम मोबदल्यास पात्र, एवढाच पुढचा प्रश्न प्रतिमान विचारते. शार्प यांच्या सूत्राबरोबर ब्लॅक यांची मांडणीही तिच्या मर्यादांसह शिकवली, तर व्याज हे या सिद्धांताचे सोयीचे गृहीतक होते, त्याचा आत्मा नव्हे, हे वर्गात स्पष्ट होईल.