तुरुंगाविना न्यायालय : टोकियो, २०००

१/ डिसेंबर २००० मध्ये टोकियोत एक न्यायालय भरले. त्याच्यापाशी ना पोलीस होते, ना तुरुंग. आशियातील स्त्री-संघटनांनी ते उभारले होते.

२/ दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने कोरिया, चीन, फिलिपाईन्स आदी देशांतील असंख्य स्त्रियांना लैंगिक गुलामीत डांबले. त्या जागांना ‘सांत्वनगृहे’ असे गोंडस नाव होते. १९४६-४८च्या टोकियो खटल्यात या व्यवस्थेबद्दल कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. सम्राट हिरोहितो तर आरोपीच नव्हते.

३/ १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन या कोरियन वृद्धेने स्वतःच्या नावानिशी आपबीती सांगितली. मग अनेकींचे मौन सुटले.

४/ नऊ वर्षांनी साठाहून अधिक पीडिता टोकियोत जमल्या. दोन माजी जपानी सैनिकांनीही साक्ष दिली. न्यायाधीश गॅब्रिएल कर्क मॅकडोनाल्ड यांच्या पीठाने हिरोहितोंना दोषी व जपानी राज्याला जबाबदार ठरवले. सविस्तर निकाल २००१ मध्ये हेग येथे जाहीर झाला.

५/ हिरोहितो १९८९ मध्येच वारले होते. किम हाक-सुनही १९९७ मध्ये गेल्या. शिक्षा कोणालाच झाली नाही. मात्र अर्धशतक पीडितांनी वाहिलेली लाज त्या निकालाने गुन्हेगारांच्या नावे नोंदवली.