हाली, कलदार आणि कागदी रुपया: धाराशिवच्या सीमेवरील चलनाचा इतिहास

धाराशिव जिल्हा, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. परंतु सोलापूर आणि बार्शी या इंग्रजी मुलखातील बाजारपेठा त्याच्या पश्चिम शिवेला इतक्या लागून होत्या की, येथील शेतकऱ्याला आणि आडत्याला एकाच व्यवहारात दोन रुपयांचा हिशेब ठेवणे भाग पडे. संस्थानचा रुपया तो हाली, म्हणजे सध्या चालू असलेल्या शिक्क्याचा. इंग्रज सरकारचा तो कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला. पुढे संस्थानचा रुपयाही यंत्रावरच पाडला जाऊ लागला, तरी नावे बदलली नाहीत. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग येडशीवरून लातूरपर्यंत गेला (लातूर त्या वेळी याच जिल्ह्यात होते) आणि शिवेपलीकडे जाणाऱ्या मालाबरोबर कलदाराची आवकही सोपी झाली.

या दोन रुपयांचा सरकारी दर असा होता की, १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मिळत, म्हणजेच ६ कलदारांना ७ हाली. हा आकडा वरवर विचित्र दिसतो, पण त्याचे मूळ चांदीत आहे. चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅम वजनाचा असून त्यात ८१.८ टक्के चांदी असे, तर कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. त्यामुळे शुद्ध चांदी पहिल्यात ९.१४ ग्रॅम आणि दुसऱ्यात १०.६९ ग्रॅम भरते, आणि या दोहोंचे प्रमाण साताला सहाच्या अगदी जवळ येते. बार्शीच्या पेठेत ६० कलदारांना माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती घरी परतल्यावर ७० हाली येत, आणि सारा, म्हणजे जमीन महसूल, त्यातूनच भरला जाई. अर्थात हा झाला कागदावरचा हिशेब, कारण बट्टा, म्हणजे नाणे बदलून देण्याची सराफाची कसर, त्यातून वजा व्हायचीच.

धातूच्या या व्यवहारात कागद आला तो पहिल्या महायुद्धामुळे. संस्थानांनी स्वतःच्या नोटा काढाव्यात हे इंग्रज सरकारला मान्य नव्हते. परंतु युद्धकाळात चांदीची तीव्र टंचाई झाली, खुद्द ब्रिटिश हिंदुस्थानात १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढावी लागली, आणि निजामाने युद्धासाठी केलेली मोठी मदतही सरकारला विसरता येण्याजोगी नव्हती. त्यामुळे १९१८ मध्ये हैदराबादला आपला चलन कायदा करून १० आणि १०० रुपयांच्या नोटा काढण्यास संमती मिळाली. १९१९ मध्ये १ आणि ५ रुपयांच्या, तर १९२६ मध्ये १,००० रुपयांच्या नोटा निघाल्या. या चलनाला ‘उस्मानिया सिक्का’ असे नाव होते. नोटेवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कानडी या प्रजेच्या भाषांनाही जागा होती. कारभाराची भाषा उर्दू असलेल्या राज्याच्या नोटेवर मराठीला ही जागा मिळाली याचे कारण औदार्यापेक्षा सोयीत शोधणे अधिक योग्य ठरेल, कारण रक्कम वाचता येत नसेल तर असा कागद कोण स्वीकारणार?

आरंभी या नोटा लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या छापखान्यात तयार होत आणि बोटीने मुंबईला येत. २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून ‘इजिप्त’ ही मुंबईकडे निघालेली आगबोट बुडाली, तेव्हा तिच्यावर सोन्याचांदीबरोबर निजामाच्या, अद्याप स्वाक्षऱ्या न झालेल्या, नोटांचे गठ्ठेही होते. दहा वर्षांनी समुद्रात बुडी मारणाऱ्या इटालियन पथकाने सुमारे ४०० फूट खोलीवरून सोने बाहेर काढले, तेव्हा त्या नोटाही वर आल्या, आणि सोन्याहून टिकाऊ ठरल्याप्रमाणे आज त्या संग्राहकांच्या हाती फिरत असतात.

नाशिकरोड येथील सरकारी छापखान्यात आधी टपाल तिकिटे आणि १९२८ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या नोटा छापल्या जाऊ लागल्या, आणि पुढे हैदराबादच्या नोटांचे कामही तेथेच आले. अशा रीतीने धाराशिवच्या मराठी शेतकऱ्याच्या हाती पडणारी निजामाची नोट मराठी मुलखातच, पण इंग्रजांच्या यंत्रावर छापली जाऊ लागली. हैदराबादच्या सार्वभौमत्वाच्या चर्चेत ही गोष्ट फारशी येत नाही, पण आपले चलन स्वतः छापू न शकणाऱ्या राज्याच्या स्वातंत्र्याची मर्यादा तिच्यातून स्पष्ट होते. नोटांचा खास कागद मात्र तेव्हा परदेशातूनच येई. तो देशात तयार करणारी होशंगाबादची गिरणी १९६० नंतरच्या दशकात उभी राहिली.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी झालेल्या जैसे थे करारानंतर लवकरच निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात अवैध ठरवले. दोन्ही रुपयांवर जगणाऱ्या सीमेवरील जिल्ह्याला त्याची झळ आधी बसणे स्वाभाविक होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने याच जिल्ह्यातील नळदुर्ग घेतला, आणि १७ तारखेला संस्थानने शरणागती पत्करली.

राज्य पाच दिवसांत गेले, पण त्याचे चलन जायला अकरा वर्षे लागली. नोटांवर अर्थखाते सांभाळणाऱ्याची स्वाक्षरी असे. अशी स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी गुलाम मुहम्मद पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले, झाहिद हुसेन पाकिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर झाले, आणि लष्करी प्रशासनाच्या काळात डी. आर. प्रधान यांची सही उस्मानिया नोटेवर आली. १९५० पासून भारतीय रुपया उस्मानिया सिक्क्याच्या जोडीने चालू लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उस्मानाबाद जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, तरी उस्मानिया सिक्क्याची वैधता मात्र १९५९ मध्ये संपली. हे चलन सांभाळण्यासाठी १९४२ मध्ये सुरू झालेली हैदराबाद स्टेट बँक, स्टेट बँक ऑफ हैदराबाद या नावाने, मराठवाड्यात १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन होईपर्यंत व्यवहार करीत राहिली.