तळटीप : दवबिंदू
* शास्त्रीय नाव ड्रॉसेरा रोटुंडिफोलिया. डार्टमूरसारख्या पाणथळ माळांवर शेवाळात वाढणारी, जमिनीलगत पसरलेली कीटकभक्षी वनस्पती. तिथल्या आम्लधर्मी पीट-मातीत नायट्रोजन फार कमी. ती उणीव ही कीटकांवर भागवते. गोल पानांवरच्या तांबड्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. माशी अडकली की आजूबाजूचे केसही हळूहळू तिच्यावर वाकतात आणि पाचकरस पाझरू लागतो. १८६० साली ससेक्समध्ये ही पाहून डार्विन इतके गुंतले, की १८७५ साली त्यांनी कीटकभक्षी वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याचा मोठा भाग हिनेच व्यापला आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात दिसणारे दवबिंदू याच प्रजातीतले, जाती मात्र वेगळ्या. वाचकांनी ते जरूर पाहावेत, पण पायवाट न सोडता. इतकी बुटकी रोपे पायाखाली सहज चिरडली जातात. — संपादक